कॅम्पर गाडीतील घरवापराची बॅटरी बदलायची आहे: ट्युब्युलर, एसएमएफ की लिथियम?

सातपुड्याचा वाटसरू, जळगाव

सप्रेम नमस्कार. आमच्याकडे ट्रॅव्हलरच्या सांगाड्यावर बांधून घेतलेली कॅम्पर गाडी आहे. तिच्यात सेल्फ मारणाऱ्या बॅटरीखेरीज दिवे, पंखे आणि फ्रिज यांच्यासाठी एक वेगळी बॅटरी आहे आणि ती आता बदलावी लागेल असे दिसते. मागच्या वेळी गाडी बांधणाऱ्या कारागिराने जी बसवली ती आम्ही काही न विचारता स्वीकारली. या वेळी खर्च मोठा आहे, म्हणून आधी जाणकारांना विचारावे असे ठरवले.

एप्रिलअखेरीस आम्ही चोपडा, शिरपूर, शहादा या मार्गाने तोरणमाळला गेलो आणि यशवंत तलावाजवळ दोन रात्री मुक्काम केला. पहिली रात्र व्यवस्थित गेली. दुसऱ्या रात्री तीनच्या सुमारास फ्रिजचा दिवा लुकलुकू लागला आणि थोड्याच वेळात फ्रिज बंद पडला. त्यात माझ्या आईचे इन्सुलिन होते. पहाटेचा गारवा असल्याने आणि आम्ही वेळेवर जागे झाल्याने नुकसान झाले नाही, परंतु हाच प्रसंग मे महिन्यात भुसावळ-रावेरकडे घडला असता तर काय झाले असते, या विचाराने मी अद्याप अस्वस्थ आहे. त्या वेळी इन्व्हर्टरच्या पडद्यावर 11.4 व्होल्ट दिसत होते.

सध्याची बॅटरी 150 एएच (ॲम्पिअर-तास) क्षमतेची उंच ट्युब्युलर, म्हणजे पाणी टाकावे लागणारी शिसे-आम्ल बॅटरी असून ती मागच्या पलंगाखाली ठेवलेली आहे. तिला अडीच वर्षे झाली. छतावर 200 वॅटचे सोलर पॅनेल आहे आणि इंजिन चालू असताना एका रिलेमार्फत डायनॅमोवरूनही चार्जिंग होते. वापर म्हणाल तर 12 व्होल्टचा कॉम्प्रेसर असलेला छोटा फ्रिज, दोन छोटे पंखे, एलईडी दिवे, चार मोबाइल, पाण्याचा पंप आणि कधीतरी 850 व्हीए इन्व्हर्टरवर पाच-सहा मिनिटे मिक्सर, इतकाच आहे.

येथील बाजारात तीन ठिकाणी विचारले आणि तीन वेगवेगळी उत्तरे मिळाली. एकाने बॅटरी न तपासताच "बॅटरी बसी गई, नवी ली ल्या" असे सांगून 200 एएचची ट्युब्युलर सुचवली, दुसऱ्याने शिसे-आम्लाचीच, पण पाणी टाकावे न लागणारी एसएमएफ घ्या असे म्हटले आणि तिसऱ्याने 100 एएचची लिथियम घेतली तरी ती सध्याच्या दीडशेच्या बॅटरीपेक्षा जास्त चालेल असे सांगितले. 100 एएचची बॅटरी 150 एएचच्या बॅटरीपेक्षा जास्त कशी चालेल, हे मला समजलेले नाही. आपल्याकडील उन्हाळ्यात लिथियम सुरक्षित आहे का, हीदेखील शंका आहे. कृपया मार्गदर्शन करावे.

जुना वायरमन, भुसावळ

वाटसरू भाऊ, रेल्वेत असताना माझी बरीच वर्षे डब्यांखालच्या बॅटऱ्यांची देखभाल करण्यात गेली. तेथे शिकलेली पहिली गोष्ट सांगतो. बॅटरी का गेली हे कळल्याशिवाय त्या जागी दुसरी बसवायची नाही, कारण ज्या कारणाने पहिली गेली त्याच कारणाने दुसरीही जाते. तुम्ही विचारलेल्या तिन्ही दुकानांत कोणी हायड्रोमीटर, म्हणजे ॲसिडचे विशिष्ट गुरुत्व मोजणारे साधन, हातात घेतला नाही, याचे मला वाईट वाटले.

म्हणून नवी बॅटरी घेण्याआधी तीन गोष्टी मोजा. पहिली अशी, की बॅटरी गाडीच्या वायरिंगपासून सोडवून घरच्या चार्जरवर पूर्ण भरा, त्यानंतर किमान सहा तास काहीही न जोडता तशीच ठेवा आणि मग व्होल्टेज पाहा. चांगली शिसे-आम्ल बॅटरी या अवस्थेत 12.6 ते 12.8 व्होल्ट दाखवते, निम्मी रिकामी असेल तर साधारण 12.1 ते 12.2. त्याच वेळी सहाही सेलच्या ॲसिडचे विशिष्ट गुरुत्व मोजा. आपल्याकडील ट्युब्युलर बॅटरी पूर्ण भरलेली असताना ते 27 अंश तापमानाला 1.240 च्या आसपास असते. सहाही सेल सारखेच खाली असतील, तर बॅटरी उपाशी राहून तिच्या प्लेटवर सल्फेट जमले आहे असे समजावे, आणि अशी बॅटरी सावकाश, दीर्घ चार्जिंगने काही अंशी परत येऊ शकते. परंतु एकच सेल इतरांपेक्षा 0.030 किंवा त्याहून अधिक मागे असेल, तर तो सेल गेला आणि त्याच्याबरोबर बॅटरीही गेली.

दुसरी गोष्ट म्हणजे फ्रिजची वायर, आणि माझा खरा संशय येथेच आहे. फ्रिजचा कॉम्प्रेसर चालू असताना एकदा बॅटरीच्या टर्मिनलवर आणि लगेच फ्रिजच्या प्लगवर व्होल्टेज मोजा. गाडी बांधणारे कारागीर पुष्कळदा घरगुती वायरिंगच्या सवयीने दीड चौरस मिलिमीटरची वायर ओढतात. घरात 230 व्होल्टवर ती पुरते. 12 व्होल्टवर हिशेब निराळा होतो. दीडच्या तांब्याच्या वायरचा रोध दर मीटरला सुमारे 0.012 ओहम असतो. बॅटरीपासून फ्रिज सहा मीटरवर असेल तर जाऊन-येऊन बारा मीटर वायर झाली, म्हणजे 0.145 ओहम. फ्रिज पाच ॲम्पिअर घेत असेल तर जवळजवळ पाऊण व्होल्ट वायरीतच खर्ची पडतो, आणि कॉम्प्रेसर सुरू होण्याच्या क्षणी त्याहूनही जास्त. बॅटरीवर 11.8 असताना फ्रिजला 11 दिसतात आणि तो स्वतःचे संरक्षण म्हणून बंद पडतो. तीच वायर सहा चौरस मिलिमीटरची केली तर ही घट 0.2 व्होल्टच्या आत येते. नवी बॅटरी कितीही भारी घेतली तरी या वायरीपुढे तिचे काही चालणार नाही.

तिसरी गोष्ट, इंजिन चालू ठेवून सेल्फच्या बॅटरीवर आणि घरवापराच्या बॅटरीवर एकाच वेळी व्होल्टेज पाहा. दोन्हींत अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक असेल, तर प्रवासात तुमची बॅटरी भरते आहे हा केवळ समज आहे.

आकडे येथे लिहा, मग पुढचे बोलू.

गिरणाकाठची, चाळीसगाव

आबांनी सांगितलेली मोजमापे अवश्य करावीत. मी त्याला वापराच्या हिशेबाची जोड देते, कारण मी शाळेत भौतिकशास्त्र शिकवते आणि आमच्या स्वतःच्या कॅम्परसाठी हा हिशेब मला दोन उन्हाळ्यांपूर्वी करावा लागला होता.

दादा, तुमचा फ्रिज 50 वॅटचा धरू. मे महिन्यात तापीच्या खोऱ्यात त्याचा कॉम्प्रेसर दिवसाचा दोन-तृतीयांश वेळ तरी चालतो, म्हणजे चोवीस तासांत सुमारे 800 वॅट-तास. प्रत्येकी 15 वॅटचे दोन पंखे नऊ तास चालले तर 270, दिवे 80, मोबाइल 60, पंप 20 आणि इन्व्हर्टरमधील तूट धरून मिक्सर 60. एकूण बेरीज साडेबाराशे वॅट-तासांच्या थोडी वर जाते. हिवाळ्यात फ्रिज आणि पंखे कमी चालतात, त्यामुळे हीच बेरीज सात-आठशेपर्यंत उतरते. फ्रिज नेमका किती घेतो हे मोजण्यासाठी 12 व्होल्टचे छोटे वॅटमीटर मिळते, ते एक दिवस लावून ठेवल्यास माझ्या अंदाजावर विसंबण्याची गरज उरणार नाही.

आता आवक पाहू. 200 वॅटचे पॅनेल छतावर आडवे बसवलेले असते, त्यावर धूळ असते आणि उन्हात तापल्यामुळे त्याची क्षमता दर अंशाला साधारण 0.4 टक्क्याने घटते. त्यामुळे रोजचे साडेपाच तास पूर्ण ऊन धरले तरी हाती येतात ते 750 ते 800 वॅट-तास. त्यांपैकी पाचशेच्या आसपास दिवसाच्या वापरातच संपतात. रात्रीसाठी बॅटरीत जातात ते जेमतेम पावणेतीनशे आणि शिसे-आम्ल बॅटरी त्यातलेही सुमारे पाचवा हिस्सा चार्जिंगमध्येच गमावते. रात्री मात्र तुम्ही सातशेच्या वर खर्च करता. म्हणजे गाडी एका जागी उभी असेल तर तुमची बॅटरी रोज अधिकाधिक रिकामी होत जाते आणि कधीच पूर्ण भरत नाही. तोरणमाळला पहिली रात्र निभावली आणि दुसऱ्या रात्री फ्रिज बंद पडला, याचे कारण या वजाबाकीत आहे. विहिरीला पाणी कमी असताना हौद मोठा बांधावा, तसे 200 एएचची ट्युब्युलर घेण्याचे होईल.

100 एएच आणि 150 एएचच्या कोड्याचे उत्तरही यातच आहे. ट्युब्युलर बॅटरी रोज निम्म्याहून जास्त रिकामी केली तर तिचे आयुष्य झपाट्याने घटते, म्हणून 150 एएचमधून निर्धास्तपणे वापरता येतात ते 75 एएच, म्हणजे सुमारे 900 वॅट-तास. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी 80 ते 90 टक्के रिकामी केली तरी चालते, त्यामुळे 100 एएचमधून हजार ते अकराशे वॅट-तास मिळतात. परंतु माझ्या मते लिथियमचा मोठा लाभ दुसराच आहे. शिसे-आम्ल बॅटरीचा शेवटचा पाचवा हिस्सा भरायला कित्येक तास लागतात आणि तो वारंवार अपुरा राहिला तर प्लेटवर सल्फेट साचते. फिरतीच्या गाडीत बॅटरी रोज पूर्ण भरेल अशी परिस्थिती फार क्वचित असते. लिथियमला अर्धवट भरलेले राहण्याने अपाय होत नाही, उलट दीर्घकाळ पूर्ण भरून ठेवण्यापेक्षा ते तिला अधिक मानवते. वजनाचाही फरक आहे. 100 एएचची लिथियम 12 किलोच्या आसपास भरते, तुमची ट्युब्युलर 50 किलोहून जास्त असणार.

उन्हाळ्याबद्दल तुमची शंका अगदी योग्य आहे. आयर्न फॉस्फेट रसायन इतर लिथियम प्रकारांपेक्षा उष्णतेला बरेच स्थिर आहे, त्यामुळे पेट घेण्याची भीती तुलनेने कमी. पण तिच्या आतील बीएमएस, म्हणजे सेलवर लक्ष ठेवणारे इलेक्ट्रॉनिक मंडळ, ठरावीक तापमानाच्या वर चार्जिंग थांबवते. ही मर्यादा काही उत्पादनांत 45 अंश, तर काहींत 55 अंश असते आणि वीज देण्याची मर्यादा बहुधा 60 अंश. मागच्या मे महिन्यात पाटणादेवीहून परतल्यावर आमची गाडी दुपारभर उन्हात बंद होती. छतावर कडक ऊन असूनही चार्जिंग शून्य पाहून मी घाबरले. बॅटरीजवळ तापमापी ठेवली तेव्हा 48 अंश दिसले. बॅटरी बिघडलेली नव्हती, ती स्वतःला वाचवत होती. तेव्हापासून आम्ही ती पुढच्या सीटखाली, जमिनीलगत, सायलेन्सर आणि इंजिन या दोहोंपासून दूर ठेवली आहे, तिच्या पेटीला दोन बाजूंनी झरोके केले आहेत आणि 40 अंशांवर आपोआप सुरू होणारा संगणकातला छोटा पंखा बसवला आहे. त्यानंतर हा प्रश्न पुन्हा आला नाही. खरेदी करताना माहितीपत्रकातील चार्जिंगची कमाल तापमानमर्यादा आधी पाहा. ज्या विक्रेत्याला ती सांगता येत नाही, त्याच्याकडून बॅटरी घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे.

आणखी एक. इन्सुलिनसाठी केवळ एका फ्रिजवर अवलंबून राहू नका. थंड पॅक ठेवलेला चांगला थर्मास सोबत असू द्या, मात्र इन्सुलिन गोठलेल्या पॅकला थेट टेकू देऊ नका, कारण एकदा गोठलेले इन्सुलिन निरुपयोगी होते.

पांझराकाठ, धुळे

माझे बॅटरीविक्रीचे आणि दुरुस्तीचे दुकान आहे, हे आधी सांगतो, म्हणजे माझे म्हणणे कोणत्या बाजूने येते ते कळेल. ताईंचा हिशेब बरोबर आहे, तरीही ट्युब्युलरला इतक्या लवकर निरोप देऊ नये असे मला वाटते. धडगाव किंवा अक्कलकुव्याच्या बाजारातसुद्धा शिसे-आम्ल बॅटरी तपासणारा, डिस्टिल्ड वॉटर देणारा आणि गरज पडल्यास त्याच दिवशी दुसरी बॅटरी देणारा माणूस मिळतो. लिथियमचा बीएमएस बिघडला तर तेथे कोणी हात लावणार नाही. जुनी ट्युब्युलर परत देताना शिशाचे चांगले पैसे वजा होतात आणि नवी बॅटरी लिथियमपेक्षा कमी किमतीत येते. गाडी वर्षातून पंधरा-वीस दिवसच बाहेर पडत असेल, तर लिथियमची भरण्या-रिकामी होण्याची हजारो आवर्तने तुम्ही वापरणार तरी कधी?

मात्र ट्युब्युलर पलंगाखाली ठेवणे मला अजिबात मान्य नाही, आणि ज्याने ती तेथे ठेवली त्याने चूक केली आहे. चार्जिंग होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो आणि ॲसिडचा सूक्ष्म फवारा उडतो. ज्या बंद जागेत माणसे झोपतात तेथे ती नसावीच. घाटातल्या वळणांवर उंच बॅटरी हेलकावते, झाकणांतून ॲसिड झिरपते आणि खालचा पत्रा खाऊन टाकते. ट्युब्युलरच घ्यायची असेल तर तिला बाहेरून उघडणारी, आतून पूर्ण बंद आणि बाहेरच्या बाजूला वायुवीजन असलेली पेटी हवी.

एसएमएफबद्दल सांगायचे तर ती पलंगाखाली चालेल, तिचे ॲसिड काचतंतूंच्या चटईत शोषलेले असते. पण आपल्या उष्णतेत ती सर्वांत आधी हार मानते, कारण तिच्यातले पाणी एकदा आटले की परत टाकता येत नाही. शिसे-आम्ल बॅटरीचा ढोबळ नियम असा आहे, की 25 अंशांच्या वर दर दहा अंशांमागे आयुष्य जवळपास निम्मे होते. त्यात चार्जर तापमानानुसार व्होल्टेज कमी करणारा नसेल तर हानी दुप्पट. 12 व्होल्टच्या बॅटरीला दर अंशाला 20 ते 30 मिलिव्होल्ट कमी द्यावे लागतात. 25 अंशांना 14.4 व्होल्ट योग्य असतील तर 45 अंशांना ते 13.9 च्या आसपास यायला हवेत. पॅनेल आणि बॅटरी यांच्यामध्ये बसणाऱ्या साध्या सोलर कंट्रोलरमध्ये ही सोय बहुधा नसते. एसएमएफ मी तुम्हाला विकणार नाही.

आणि लिथियमच घ्यायचे ठरले तर फसवणुकीपासून सांभाळा. जुन्या ई-रिक्षांमधून काढलेले सेल नव्या खोक्यात भरून विकले जातात. रसायन आयर्न फॉस्फेटच आहे याची खातरजमा करा. त्याचा सेल 3.2 व्होल्टचा असतो आणि चार सेल मिळून 12.8 होतात, जे आपल्या 12 व्होल्टच्या उपकरणांशी जुळतात. मोबाइल आणि लॅपटॉपमधले सेल 3.6 किंवा 3.7 व्होल्टचे असतात. ते तीन जोडले तर 11.1 आणि चार जोडले तर 14.8 होतात, दोन्ही आकडे आपल्या कामाचे नाहीत. घरी नेल्यावर पूर्ण भरून हेडलाइटचा 55 वॅटचा बल्ब लावून ठेवा. तो साडेचार ते पाच ॲम्पिअर ओढतो, म्हणजे 100 एएचच्या खऱ्या बॅटरीवर 20 ते 22 तास जळायला हवा. बारा तासांत विझला तर बॅटरी परत करा. वॉरंटीच्या कागदावर वाहनातील वापर वगळलेला नाही ना, हेही पैसे देण्याआधी वाचून घ्या.

जुना वायरमन, भुसावळ

पांझराकाठ यांनी दुकानदार असूनही मोकळेपणाने लिहिले, याबद्दल त्यांचे आभार. दुरुस्तीची सोय हा त्यांचा मुद्दा वजनदार आहे. परंतु ज्या गाडीत इन्सुलिन असते आणि बॅटरीची जागा झोपण्याच्या ठिकाणी आहे, तेथे मी लिथियमच्या बाजूने आहे.

ताईंच्या लेखनात एक गोष्ट राहिली. लिथियम थेट रिलेवरून डायनॅमोला जोडू नका. तिचा अंतर्गत रोध इतका कमी असतो की रिकामी असताना ती डायनॅमोकडून मिळेल तेवढा प्रवाह ओढते. घाटात गाडी सावकाश चढत असताना डायनॅमोला गार करणारा वारा कमी आणि भार मात्र पूर्ण, अशा स्थितीत तो जळू शकतो. दुसरा धोका असा की चार्जिंग चालू असताना बीएमएसने बॅटरी अचानक तोडली तर व्होल्टेजचा झटका बसून डायनॅमोचे डायोड जाऊ शकतात. म्हणून मध्ये डीसी-टू-डीसी चार्जर, म्हणजे डायनॅमोकडून ठरावीक प्रवाहच घेऊन बॅटरी योग्य व्होल्टेजवर भरणारे साधन, हवाच. 30 ॲम्पिअरचा घेतला तर तो तासाला सुमारे 390 वॅट-तास देतो, म्हणजे ताईंनी काढलेली रोजची पाचशेची तूट दीड तासाच्या आतल्या प्रवासात भरून निघते. अनेक नव्या बीएस-6 गाड्यांमध्ये डायनॅमोचे व्होल्टेज संगणक खाली-वर करतो, तेथे तर या चार्जरशिवाय कोणतीच दुसरी बॅटरी नीट भरत नाही.

सातपुड्याचा वाटसरू, जळगाव

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिले, त्याबद्दल मनापासून आभार. रविवारी सगळी मोजमापे केली. बॅटरी चोवीस तास चार्ज करून रात्रभर ठेवली, सकाळी 12.3 व्होल्ट दिसले. पाच सेल 1.215 ते 1.225 च्या दरम्यान आहेत आणि धन बाजूकडून चौथा 1.150 वर आहे, म्हणजे बॅटरी खरोखरच गेली आहे. फ्रिजकडे जाणारी वायर आबांनी ओळखल्याप्रमाणे दीडची निघाली, तीही सात मीटर लांब. कॉम्प्रेसर चालू असताना बॅटरीच्या आणि फ्रिजच्या व्होल्टेजमध्ये 0.9 चा फरक आला. इंजिन चालू असताना सेल्फच्या बॅटरीवर 14.1 आणि घरवापराच्या बॅटरीवर अवघे 13.3. अडीच वर्षे ती बॅटरी आमच्याकडे उपाशीच होती, हे पाहून खरेच वाईट वाटले. पलंग उचलला तेव्हा खालचा पत्राही गंजलेला आढळला.

आम्ही वर्षातून चाळीस ते पन्नास दिवस बाहेर असतो. पावसाळ्यातही निघतो आणि तेव्हा दोन-दोन दिवस पॅनेलकडून फारसे काही मिळत नाही. म्हणून 150 एएचची आयर्न फॉस्फेट बॅटरी, 30 ॲम्पिअरचा डीसी-टू-डीसी चार्जर आणि फ्रिजला स्वतंत्र सहाची वायर असे ठरवले आहे. आणखी 100 वॅटचे पॅनेल दिवाळीनंतर बसवू. जुनी बॅटरी ॲसिडसह पांझराकाठ यांच्यासारख्या परत घेणाऱ्या दुकानातच देणार आहोत. दोन शंका उरल्या. जुना सोलर कंट्रोलर आणि इन्व्हर्टर तसेच चालतील का? आणि बॅटरी किती भरली आहे हे व्होल्टेजवरून पाहण्याची आमची सवय आहे, ती पुढे चालेल का?

गिरणाकाठची, चाळीसगाव

दुसऱ्या शंकेचे उत्तर मी देते. लिथियमचे व्होल्टेज भरलेल्या अवस्थेपासून जवळजवळ रिकामी होईपर्यंत 13.3 ते 12.9 च्या अरुंद पट्ट्यातच फिरते, त्यामुळे त्यावरून अंदाज बांधणे शक्य नाही. ऋण टर्मिनलला शंट (प्रवाह मोजण्यासाठीचा अगदी छोटा रोध) लावून आत-बाहेर जाणारा प्रवाह मोजणारा मॉनिटर घ्या, तो टक्केवारी दाखवतो. रात्री झोपताना आकडा 50 च्या खाली असेल तर आम्ही एक पंखा बंद करतो. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तेव्हा बॅटरी 50-60 टक्क्यांवर ठेवून मुख्य स्विच बंद करा. लिथियम शून्य अंशाखाली चार्ज करू नये असाही नियम आहे. डाब-तोरणमाळकडे कधी थंडीत दव गोठते हे खरे, पण सूर्य वर येऊन पॅनेल काम करू लागेपर्यंत गाडीच्या आतले तापमान पुरेसे वाढलेले असते, त्यामुळे आपल्याला त्याची चिंता करण्याचे कारण नाही.

जुना वायरमन, भुसावळ

कंट्रोलरमध्ये लिथियमची निवड किंवा व्होल्टेज हाताने बदलण्याची सोय असेल तरच तो ठेवा. चार्जिंग 14.2 ते 14.4 वर बांधा आणि इक्वलायझेशन (सगळे सेल सारखे भरावेत म्हणून दिलेले जादा चार्जिंग) पूर्ण बंद करा, कारण ती पायरी केवळ पाण्याच्या बॅटरीसाठी असते आणि 15 व्होल्टच्या आसपास जाते. तेवढ्यावर बीएमएस बॅटरी तोडेल. घरगुती इन्व्हर्टरही आतून ट्युब्युलरसाठीच बांधलेला असतो. त्यात लिथियमची निवड नसेल तर त्याचा चार्जर वापरू नका, मिक्सरपुरते त्याचे एसी काढून घ्या आणि बाहेरच्या विजेवर चार्ज करण्यासाठी वेगळा लिथियम चार्जर ठेवा.

वायरी अशा घ्या. इन्व्हर्टरला 25 चौरस मिलिमीटर आणि 100 ॲम्पिअरचा फ्यूज, डीसी-टू-डीसी चार्जरला 16 चौरस मिलिमीटर आणि 50 ॲम्पिअरचा फ्यूज. या दुसऱ्या वायरीच्या दोन्ही टोकांना बॅटरी आहे, म्हणून फ्यूजही दोन्ही टोकांना हवा. प्रत्येक फ्यूज बॅटरीच्या धन टर्मिनलपासून वीतभर अंतराच्या आत असावा, कारण फ्यूजच्या अलीकडे असलेल्या वायरीला कोणतेही संरक्षण नसते. बॅटरीजवळचा मुख्य फ्यूज लिथियमचा मोठा शॉर्टसर्किट प्रवाह तोडू शकेल अशा जातीचा मागा, गाडीचा साधा पात्याचा फ्यूज तेथे चालत नाही. वायरीच्या टोकांना बसणारे लग हातोडीने ठोकू देऊ नका, हायड्रॉलिक क्रिम्पिंग असलेल्याकडूनच दाबून घ्या.

बदलताना आधी पॅनेलची वायर कंट्रोलरवरून काढा, मग बॅटरी. जोडताना उलट, आधी बॅटरी आणि शेवटी पॅनेल. काम दुपारी करणार असाल तर पॅनेलवर गोधडी टाकून ठेवा.